गुंतवणूकदारांच्या पानावर धंद्याचे आकडे

कंपनीच्या संकेतस्थळावरील 'गुंतवणूकदार' विभागात भागधारकाला दोन प्रकारची माहिती मिळू शकते. एक हिशेबाची: उलाढाल, नफा, कर्ज, लाभांश. ती प्रत्येक सूचीबद्ध कंपनी जवळपास एकाच साच्यात देते. दुसरी त्या त्या धंद्याची: सुट्या भागांच्या कारखान्याने कोणत्या वर्गातील गाड्यांना किती माल दिला, बियाणे कंपनीकडे हंगाम संपल्यावर किती पाकिटे परत आली, औषध कंपनीच्या कोणत्या कारखान्याची परदेशी नियामकाने तपासणी केली. नफा का वाढला किंवा का घटला, याचे उत्तर बहुतेक वेळा या दुसऱ्या माहितीत सापडते. तीच माहिती शेकडो पानांच्या वार्षिक अहवालात विखुरलेली असते आणि सामान्य भागधारक तिथपर्यंत पोहोचत नाही. ती बाहेर काढून, नीट मांडून संकेतस्थळावर ठेवणे हे कंपनी सचिव आणि वित्त विभाग यांचे काम आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, धंद्याची जाण लागते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या विषयाची जवळची उदाहरणे आहेत. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज (शेअर बाजारात नोंद ऑक्टोबर 2016) आणि व्हेरॉक इंजिनिअरिंग (जुलै 2018) या कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये वाळूज औद्योगिक वसाहतीत आहेत. गरवारे हाय-टेक फिल्म्सचे कार्यालय वाळूजजवळ नायगावला आहे, तर नाथ बायो-जीन्स या बियाणे कंपनीचे शहरात. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 पासून चालू आहे. शहराच्या उत्तरेला, जळगाव रस्त्यावरचा फुलंब्री तालुका मात्र कापूस, मका आणि अद्रकीचा. तरी तिथला शेतकरी या कंपन्यांचा ग्राहक आहे आणि आता भागधारकही होऊ लागला आहे. देशातील डिमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट 2022 मध्ये 10 कोटींवर गेली. फुलंब्रीचा शिक्षक, कृषी सेवा केंद्राचा चालक किंवा वडोद बाजारचा कापूस उत्पादक मोबाइलवरून शेअर घेऊ शकतो. विश्लेषकांच्या बैठकीत त्याला प्रश्न विचारायला मिळत नाही. कंपनीची ओळख त्याला होते ती संकेतस्थळावरूनच.

कायदा काय मागतो

सेबीच्या 2015 च्या सूचीबद्धता व प्रकटीकरण नियमावलीतील नियम 46 प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला चालू स्थितीतील संकेतस्थळ ठेवायला लावतो. व्यवसायाचा तपशील, संचालक मंडळाच्या समित्या, निकाल, वार्षिक अहवाल, भागधारणेची रचना, तक्रारीसाठी ईमेल, पतमानांकन, विश्लेषकांच्या बैठकांतील सादरीकरणे हे सारे त्यात येते. मजकुरात बदल झाला की दोन कामकाजाच्या दिवसांत तो संकेतस्थळावर दिसला पाहिजे. तिमाही निकाल नियम 33 प्रमाणे तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत आणि वार्षिक निकाल 60 दिवसांत जाहीर करावे लागतात.

याच नियमावलीच्या परिशिष्टात एक तरतूद आहे, तिच्याकडे लक्ष वेधणे गरजेचे आहे. व्यवस्थापनाच्या विवेचनात महत्त्वाच्या आर्थिक गुणोत्तरांत आदल्या वर्षाच्या तुलनेत 25 टक्के किंवा त्याहून अधिक फरक पडला असेल, तर त्याचे सविस्तर कारण द्यावे लागते. येणी, साठा, व्याजफेड, चालू गुणोत्तर, कर्ज-भांडवल, नफ्याचे प्रमाण अशी ती गुणोत्तरे आहेत. आणि पुढे 'किंवा त्या क्षेत्राला लागू असणारी समतुल्य गुणोत्तरे' असेही म्हटले आहे. ही मुभा पुरेपूर वापरावी.

तिची गरज बियाणे कंपनीत सर्वांत स्पष्ट दिसते. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. त्या दिवशी खरिपाच्या बियाण्याने गोदामे भरलेली असतात, कारण विक्री मे-जूनमध्ये व्हायची असते. त्या तारखेचे साठ्याचे गुणोत्तर पाहून अनोळखी वाचक म्हणेल की माल खपत नाही. त्याला खरी स्थिती कळायची, तर हंगाम उलटल्यावर, म्हणजे 30 सप्टेंबरला, न विकलेला साठा किती उरला हे सांगावे लागेल. नियमातले गुणोत्तर चुकीचे नसते. ते या धंद्याच्या ऋतुचक्राशी जुळत नाही, एवढेच.

कोणते आकडे निवडावेत

निवडीची कसोटी साधी आहे: कारखान्याचा प्रमुख आणि विक्री प्रमुख दर महिन्याच्या आढाव्यात जो आकडा सर्वांत आधी विचारतात, तो भागधारकालाही उपयोगी पडतो. असे पाच ते आठ आकडे पुरेत. पन्नास आकड्यांचे पान आणि एकही आकडा नसलेले पान, दोन्ही वाचकाला सारखेच निरुपयोगी ठरतात.

वाहनांच्या सुट्या भागांत पहिला आकडा विक्रीच्या विभागणीचा: दुचाकी, तीनचाकी, चारचाकी, देश आणि परदेश, कारखान्यांना थेट पुरवठा आणि दुकानांतून जाणारा बदली माल. दुसरा, सर्वांत मोठ्या ग्राहकाचा उलाढालीतील वाटा. नाव देणे शक्य नसेल तरी पहिल्या एका आणि पहिल्या पाच ग्राहकांची टक्केवारी देता येते. तिसरा, वर्षभरात मिळालेल्या नव्या मागण्यांची वार्षिक किंमत आणि त्यांचे उत्पादन कधी सुरू होणार ते वर्ष. चौथा आकडा बहुतेक ठिकाणी सुटतो, तो दर गाडीमागे मिळणाऱ्या मालाच्या किमतीचा. 125 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस ब्रेक बंधनकारक झाले. ब्रेक बनवणाऱ्या कंपनीची विक्री त्यानंतर गाड्यांची संख्या न वाढताही वाढू शकते. दर गाडीमागची रक्कम दिली नाही, तर वाचक ती वाढ बाजारातील तेजीची समजतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच वाढ अपेक्षितो.

कच्च्या मालाच्या किमतीचे स्पष्टीकरण या धंद्यात अत्यावश्यक आहे. ॲल्युमिनियमचा भाव वाढला की ठरलेल्या सूत्राप्रमाणे तो वाहन कंपनीकडून वसूल होतो, पण काही काळाने. एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. 100 रुपयांच्या विक्रीत 60 रुपयांचा धातू आणि 15 रुपयांचा कार्यकारी नफा आहे. धातू 20 टक्क्यांनी महागला आणि वाढलेले 12 रुपये पूर्ण वसूल झाले. आता विक्री 112 रुपये, नफा तेवढाच 15 रुपये आणि नफ्याचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 13.4 टक्क्यांवर. कंपनीचे काहीच बिघडलेले नाही, तरी निकालाच्या दिवशी 'मार्जिन घसरले' अशी बातमी होते. संकेतस्थळावर ॲल्युमिनियमच्या तिमाही सरासरी भावाची ओळ आणि त्याखाली दोन वाक्यांचे स्पष्टीकरण कायम ठेवले, तर हा गैरसमज टळतो. भाव उतरल्यावर प्रमाण आपोआप सुधारते, तेव्हाही हीच ओळ तितक्याच ठळकपणे दाखवली पाहिजे. केवळ वाईट तिमाहीत वापरलेले स्पष्टीकरण सबब वाटते.

बियाण्यांत पिकवार विक्री हवी: कापूस, भात, मका, बाजरी, भाजीपाला. कापसाच्या बीटी बियाण्याच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाची कमाल विक्री किंमत केंद्र सरकार ठरवते. त्यामुळे खर्च वाढला तरी कंपनीला भाव वाढवता येत नाही आणि पाकिटांची संख्या हाच खरा आकडा उरतो. दुसरा महत्त्वाचा आकडा परत आलेल्या मालाचा. विक्रेत्याकडे उरलेली पाकिटे हंगामानंतर कंपनीकडे परत येतात, म्हणून जूनच्या तिमाहीतील विक्री अंतिम नसते. जूनमध्ये दाखवलेल्या विक्रीतून किती टक्के माल परत येईल असे धरले होते आणि प्रत्यक्षात किती आला, याची पाच वर्षांची ओळ दिली तर व्यवस्थापनाचा अंदाज किती भरवशाचा आहे हे वाचकाला स्वतःच दिसते. उगवणक्षमतेच्या चाचणीत नापास होऊन बाद केलेला साठा, विक्रेत्यांकडून आलेली आगाऊ रक्कम आणि बीजोत्पादनाखालचे क्षेत्र हे आणखी तीन आकडे. तुलना नेहमी आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी. जूनची सप्टेंबरशी तुलना करणारा आलेख या धंद्यात दिशाभूल करतो, तो काढून टाकावा.

प्लास्टिक फिल्ममध्ये कच्चा माल आणि तयार फिल्म यांच्या भावातील किलोमागचा फरक, मूल्यवर्धित मालाचा वाटा आणि निर्यातीचे प्रमाण पाहिले जाते. एककांची काळजी इथे जास्त घ्यावी लागते, कारण साधी फिल्म टनात मोजतात आणि गाडीच्या रंगाचे रक्षण करणारी फिल्म चौरस फुटांत. दोन्ही एकाच क्षमतेच्या आकड्यात मिसळू नयेत. औषधांत देशनिहाय व प्रकारनिहाय विक्री, संशोधनावरील खर्चाचे उलाढालीशी प्रमाण, किंमत नियंत्रणाखालील औषधांचा वाटा आणि प्रत्येक कारखान्याच्या शेवटच्या तपासणीची तारीख व निष्कर्ष एवढे पुरते.

उद्योगाचे आकडे आणि कंपनीचे आकडे

कंपनीची वाढ एकटीच दाखवली तर तिचा अर्थ लागत नाही. दुचाकींचे देशातील उत्पादन 8 टक्क्यांनी वाढले असताना कंपनीची विक्री 6 टक्क्यांनी वाढली असेल, तर ती मागे पडली आहे. म्हणून उद्योगाची ओळ आणि कंपनीची ओळ एकाच आलेखात असावी. वाहन उद्योगात अशी आकडेवारी दोन ठिकाणांहून येते, आणि त्यांतला फरक सांगितल्याशिवाय ती वापरू नये. वाहन उत्पादकांची संघटना सियाम कारखान्यातून विक्रेत्यांकडे रवाना झालेल्या गाड्या मोजते. विक्रेत्यांची संघटना फाडा वाहन या सरकारी प्रणालीवरील नोंदणीवरून ग्राहकाच्या हाती गेलेल्या गाड्या मोजते. त्यातून तेलंगणाची आकडेवारी बराच काळ वगळलेली असे. सुट्या भागांची मागणी उत्पादनावर ठरते, म्हणून वाळूजच्या कंपनीला पहिला स्रोत जवळचा. तरीही दुसरा शेजारी ठेवावा. रवानगी वाढत असताना नोंदणी मागे राहिली, तर गाड्या विक्रेत्यांच्या आवारात साचत आहेत आणि पुढच्या तिमाहीत मागणी कमी होणार, हे त्यावरून आधी कळते.

सणांचा हिशेबही असाच महत्त्वाचा. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. केवळ ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर 2024 मध्ये मोठी तेजी दिसेल आणि नोव्हेंबरमध्ये मोठी मंदी, दोन्ही आभास. सप्टेंबर ते नोव्हेंबर असा एकत्रित आकडा द्यावा. ग्रामीण भागात दुचाकीची खरेदी कापूस आणि मक्याचा पैसा हाती आल्यावर होते, त्यामुळे हवामान विभागाची जिल्हावार पावसाची आकडेवारी आणि बाजार समित्यांतील भाव हेही अशा कंपनीच्या वाचकाला उपयोगी असतात. फुलंब्रीच्या वाचकाला तर तो संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बाहेरच्या प्रत्येक आकड्याखाली स्रोत, कालावधी आणि घेतल्याची तारीख लिहावी. विकत मिळणाऱ्या अहवालातील तक्ते परवानगीशिवाय छापू नयेत. प्रतिस्पर्ध्याशी तुलना करायची असेल तर त्यानेच जाहीर केलेले आकडे आणि एकच व्याख्या वापरावी. आपली कंपनी पुढे असलेले वर्ष निवडून केलेली तुलना जाणकार वाचक लगेच ओळखतो, आणि मग उरलेल्या पानावरचाही त्याचा विश्वास उडतो. जगात कोणत्या धंद्यात कोणती माहिती महत्त्वाची मानतात हे पाहायचे असेल, तर सास्ब या शाश्वतता लेखामानक मंडळाची मानके उघडावीत. 77 उद्योगांसाठी वेगवेगळी तयार केलेली ही मानके ऑगस्ट 2022 पासून आयएफआरएस फाउंडेशनकडे आहेत.

व्याख्या, सातत्य आणि वेळ

प्रत्येक आकड्याला व्याख्या हवी आणि ती त्याच पानावर हवी. एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा) ही भारतीय लेखामानकांनी व्याख्या केलेली संज्ञा नाही. त्यात इतर उत्पन्न धरले आहे की नाही, एकदाच झालेला खर्च वगळला आहे का, हे लिहून तो आकडा नफा-तोटा पत्रकाशी जुळवून दाखवावा. लाख, दशलक्ष आणि कोटी यांची सरमिसळ करू नये. शेअरचे विभाजन किंवा बोनस झाल्यास जुन्या वर्षांचे प्रतिशेअर उत्पन्न नव्या संख्येवर बदलून घ्यावे.

व्यवसायाचा भाग विकला गेला की जुनी मालिका तुटते. व्हेरॉकने 2022 मध्ये अमेरिका व युरोपातील चारचाकी दिव्यांचा व्यवसाय प्लास्टिक ऑम्नियम या फ्रेंच कंपनीला विकला. अशा व्यवहारानंतर आधीची एकत्रित उलाढाल आणि नंतरची उलाढाल शेजारी ठेवली तर कंपनी अचानक आक्रसल्यासारखी दिसते. उपाय एकच: चालू राहिलेल्या व्यवसायाची मागील वर्षांची वेगळी ओळ तयार करणे, आणि जुनी ओळही टीप देऊन तशीच ठेवणे. जुने आकडे पुसून टाकू नयेत. न आवडणारा आकडा दोन वर्षे दाखवून तिसऱ्या वर्षी गुपचूप काढून घेणे ही तर सर्वांत वाईट सवय आहे. माप बदलायचेच असेल तर कारण लिहावे आणि किमान चार तिमाही दोन्ही मापे द्यावीत.

वेळेची शिस्त कायद्यातूनच येते. अंतर्गत व्यवहार प्रतिबंधक नियमावली, 2015 प्रमाणे शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती सर्वांना एकाच वेळी मिळाली पाहिजे. म्हणून नवा आकडा आधी शेअर बाजारांना कळवावा, मग संकेतस्थळावर टाकावा. बजाज ऑटोसारखी कंपनी दर महिन्याची विक्री जाहीर करते, ती हीच वाट धरून. तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तासांपर्यंत आतल्या लोकांना शेअरचे व्यवहार बंद असतात. त्या काळात पानावर काहीही नवे चढवण्याआधी कंपनी सचिवाची लेखी संमती घेण्याची पद्धत असावी.

मांडणीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. दहा वर्षांचे आकडे एक्सेल फाइलमध्ये द्यावेत. कागद स्कॅन करून बनवलेली पीडीएफ शोधता येत नाही, ती टाळावी. पान मोबाइलवर आडवे न करता वाचता आले पाहिजे. वार्षिक अहवाल इंग्रजीत असला तरी धंद्याच्या आकड्यांचे एक पान मराठीत द्यावे आणि अर्थाबाबत शंका आल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा असे खाली लिहावे. मराठवाड्यात उभ्या राहिलेल्या कंपनीने इथल्या भागधारकासाठी एवढे करायलाच हवे.

फुलंब्रीतील शेतकरी उत्पादक कंपनी

शेतकरी उत्पादक कंपनी शेअर बाजारात नसते, सेबीचे नियम तिला लागू नाहीत. पण तिचे सभासद भागधारकच असतात, आणि माहितीची गरज त्यांना अधिक आहे, कारण त्यांचे भांडवलही तिथे असते आणि मालही. केंद्राच्या 2020 च्या दहा हजार उत्पादक कंपन्यांच्या योजनेत सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत आणि कंपनीमागे कमाल 15 लाख रुपयांपर्यंत समभाग अनुदान ठेवले आहे. सभासदांनी भरलेले भांडवल किती आणि अनुदान किती, हे ताळेबंदाचे पान उघडताच दिसले पाहिजे.

त्यापुढचे आकडे मात्र ताळेबंदात नसतात. कंपनीने मका किंवा कापूस ज्या दिवशी घेतला, त्या दिवशीचा बाजार समितीतील किमान, कमाल व सर्वसाधारण दर आणि कंपनीने दिलेला दर शेजारी मांडावा. ओलावा, काडीकचरा, हमाली, तोलाई यांपोटी किती कपात झाली ते लिहावे. भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, 12 टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात करते आणि त्यावरचा कापूस घेत नाही. कंपनीची कपात या मापाशी ताडून दाखवता येते. जिनिंग करून घेतले असेल तर क्विंटलमागे रुईचा उतारा, सरकीचा मिळालेला भाव आणि 170 किलोच्या किती गाठी झाल्या ते द्यावे. अद्रकीला हमीभाव नाही आणि भावातील चढउतार मोठे, म्हणून तिथे विक्रीची तारीख, बाजारपेठ आणि वाहतूक खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हाती पडलेला दर हेच खरे माप. शेवटचा आकडा सभासदाला सर्वांत जवळचा: माल दिल्यापासून पैसे खात्यावर जमा होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले.

वेगळे संकेतस्थळ नसले तरी अडत नाही. हा तक्ता एका पानात मावतो. कार्यालयाच्या फलकावर लावता येतो, सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवता येतो. पुढे बँक किंवा मोठा खरेदीदार दारात आला, तर दोन-तीन हंगामांचे असे तक्ते कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडतील. फुलंब्री तालुक्यातील उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी येत्या वार्षिक सभेच्या नोटिशीसोबत असा पहिला तक्ता प्रत्येक सभासदाला पाठवावा, आणि तो मागण्याचा आपला हक्क सभासदांनीही बजावावा.